बारा माणसांची भिंत आणि दौंडचा डॉक्टर

कागदावर पाहिलं तर हे नाटक या माणसाच्या हाती जायलाच नको होतं. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत गाणं आणि नाच, रंगमंचावर माणसांचा हा घोळका. आणि दिग्दर्शक ना गवई, ना नर्तक, ना कुठल्या नाट्यविद्यालयातून शिकून आलेला. वय तीस. पेशा लहान मुलांच्या डॉक्टरचा, दवाखाना दौंडला. नाटकवाल्यांमध्ये ओळख झाली ती आधी नट म्हणून. तरीही १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा दिग्दर्शक म्हणून नाव होतं डॉ. जब्बार पटेल.

नटाचा दिग्दर्शक होणं ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नाही. चार-दोन भूमिका गाजल्या की पुढचं नाटक स्वतःच बसवायचं, हा रिवाज जुना आहे. पण चार पात्रांचं दिवाणखान्यातलं नाटक बसवणं वेगळं आणि संगीत, नृत्य, समूह, सूत्रधार असा सगळा पसारा पेलणं वेगळं. दुसऱ्या कामात चांगले चांगले नट गडबडतात. पटेल का गडबडले नाहीत, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

संगीत नाटकवाल्यांची वाट ती ही नव्हे

आधी एक तुलना, कारण ती डोक्यात ठेवल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. मराठी संगीत रंगभूमीवर नट मोठा झाला की मालक व्हायचा. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ काढली. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. सगळा पसारा त्यांच्या नावावर चालायचा, पण त्याच्या मध्यभागी ते स्वतः उभे असायचे. नाटक त्यांच्या गळ्याभोवती फिरायचं. पद सुरू झालं की गोष्ट थांबायची, ‘वन्समोअर’ आला की आणखी थांबायची, आणि प्रेक्षक पैसे द्यायचा तो त्या थांबण्याचेच.

पटेलांची वाट उलटी गेली. मोठं संगीतप्रधान नाटक हाती घ्यायच्या वेळी ते रंगमंचावरून खाली उतरले होते. मध्यभागी त्यांनी स्वतःला ठेवलं नाहीच, दुसऱ्या कुणा एका गायकालाही ठेवलं नाही. मध्यभागी आली ती रांग.

सोलापूरचं घर आणि श्याम

जन्म पंढरपूरचा, १९४२ चा. त्या गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर भजन-कीर्तन पडत नाही असं होत नाही, मग घर कुठल्या का धर्माचं असेना. पुढचं शिक्षण सोलापूरला झालं आणि तिथे ते प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी राहिले. पुजारी सरांचं घर म्हणजे गवयांचं आणि साहित्यिकांचं उतरण्याचं ठिकाण. कुमार गंधर्वांसारखा गायक जिथे येऊन राहतो, त्या घरात पोरगा गाणं शिकला नाही तरी ऐकायला शिकतो. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. संगीतप्रधान नाटकाच्या दिग्दर्शकाला गळा लागतोच असं नाही. कान मात्र लागतो, आणि कान उशिरा तयार होत नाही.

नट म्हणून त्यांचं नाव झालं ते पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ मधल्या श्यामच्या भूमिकेने. हे नाटक ज्यांनी केलंय त्यांना श्यामची अडचण विचारा. नाटक काकाजींचं आणि आचार्यांचं. टाळ्यांची वाक्यं त्या दोघांकडे. श्याम बराच वेळ समोर उभा असतो, ऐकत असतो, आणि त्याच्या ऐकण्यावर काकाजींच्या वाक्याचं वजन ठरतं. दुसरा बोलत असताना रंगमंचावर जिवंत राहायचं कसं, ही त्या भूमिकेतली खरी परीक्षा. पुढे बारा जणांची जी रांग पटेलांनी बांधली, तिच्यातल्या प्रत्येकासमोर नेमकी हीच अडचण होती. हा सांधा मी जोडतोय, पण तो ओढूनताणून जोडलाय असं मला वाटत नाही.

मग पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज, तिथलं नाटकाचं वेड, आणि भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘पीडीए’. डॉक्टरकी आणि नाटक ही जोडी या संस्थेला नवी नव्हती. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, तेही तिथलेच. नंतरच्या पिढीत मोहन आगाशे मानसोपचाराकडे गेले, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. दिवसा इस्पितळ किंवा प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम. पोटाची सोय दुसरीकडे असल्यामुळे नाटकाच्या गल्ल्याकडे डोळे लावून बसायची कुणालाच गरज नव्हती. तीसेक माणसांचं नाटक करू, हा विचार अशाच मंडळींना परवडतो. त्या काळच्या व्यावसायिक निर्मात्याने पहिल्या वाचनालाच पात्रं मोजून संहिता परत केली असती.

१९७० मध्ये पटेलांनी पीडीएसाठी विजय तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ बसवलं.  नाटक एका घरातलं, मोजक्या माणसांचं, पण नायक मधूनच प्रेक्षकांकडे वळून बोलतो, पुन्हा गोष्टीत शिरतो. बाहेर येणं आणि आत जाणं, आणि त्या दोहोंच्या मधे सांधा दिसू न देणं. दोन वर्षांनी आलेल्या मोठ्या नाटकाची ही लहान मापातली रंगीत तालीमच म्हणायची.

भिंत

तेंडुलकरांची ‘घाशीराम’ची संहिता वाचताना पहिल्याच पानावर दिग्दर्शकाला घाम फुटावा अशी आहे. बारा ब्राह्मण एका रांगेत उभे, गात आणि झुलत. हीच रांग पडदा, हीच भिंत, हेच पुणे. तोंड प्रेक्षकांकडे असतं तेव्हा ती पुण्याचे ब्रह्मवृंद असते, पाठ फिरवली की भिंत होते आणि भिंतीआड जे व्हायचं ते होतं. ती मधूनच बोलते, टोमणे मारते, गाते, आणि एका क्षणात जमाव होऊन माणूस मारायला निघते. गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरच्या पुण्याची. कनोजहून आलेला घाशीराम इथे अपमानित होतो, सूड म्हणून स्वतःची मुलगी नाना फडणवीसांच्या पुढे करून कोतवाली मिळवतो, शहराला छळतो आणि शेवटी नानाच्याच हुकमाने जमावाच्या हाती जातो. खरा घाशीराम १७९१ मध्ये मारला गेला. तेंडुलकरांनी मात्र आपलं नाटक ऐतिहासिक नाही असंच सांगितलं. त्यांना सत्ता घाशीराम कसे घडवते आणि काम झाल्यावर कसे मोडते, ते दाखवायचं होतं.

आता हे बसवायचं कसं? नेपथ्य बदलायचं नाही, कारण नेपथ्य म्हणजे माणसं. रांगेतला कुणी विंगेत जाऊन पाणी पिऊन येईल म्हटलं तर भिंतीला भोक पडतं. बारा जण सतत दिसणार. त्यातला एक जरी कंटाळला, एकाचं जरी लक्ष प्रेक्षकांत बसलेल्या मावशीकडे गेलं, तरी पुणं कोसळलं. गाताना हलायचं आणि हलताना श्वास राखायचा. बरं, सगळे एकसारखे हलले तर कवायत होते आणि वेगवेगळे हलले तर बाजार होतो.

माझ्या मते पटेलांच्या दिग्दर्शनातला सगळ्यात नटाचा भाग इथे आहे. नर्तकाने ही रांग बसवली असती तर ती पावलांनी बांधली असती, गवयाने सुरांनी. नटाने ती माणसांनी बांधली. रांग एक आहे, पण तिच्यातला प्रत्येक ब्राह्मण वेगळा आहे, आपापला लोभ आणि आपापली भीती घेऊन उभा आहे. म्हणून ती वळते तेव्हा ‘आता हे लोक बघायचं टाळतायत’ असं वाटतं. नुसती पाठ फिरली असती तर तो एक देखणा आकृतिबंध झाला असता आणि प्रेक्षकाने टाळी वाजवून विषय सोडून दिला असता.

आणखी एक गोष्ट. पंढरपूरला जन्मलेल्या माणसाला दोन पायांवर झुलणारी, टाळाच्या ठेक्यावर गाणारी रांग समजावून सांगावी लागत नाही. भक्तीच्या त्याच लयीत ढोंग घातलं की काय होतं, ते ‘घाशीराम’मध्ये दिसतं. कीर्तनाला जातो म्हणून निघायचं आणि पाय बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, वळवायचे. एकीकडे हरिनाम, दुसरीकडे लावणी, आणि दोन्हींच्या मधे अंतर उरत नाही.

न येणाऱ्या गोष्टी कुणाकडून करून घ्यायच्या

संगीत भास्कर चंदावरकरांचं. रविशंकरांकडे सतार शिकलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. हाताशी रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे आवाज. सूत्रधार श्रीराम रानडे, घाशीराम रमेश टिळेकर, आणि नाना फडणवीस झाले पंचविशीतले मोहन आगाशे.

ही यादी वाचून ‘टीम चांगली जमली’ असं म्हणून पुढे जाता येतं, पण खरी गोम पुढेच आहे. चंदावरकर संगीतात पटेलांपेक्षा जाणते, मुळगुंद नृत्यात. नुकता नटाचा दिग्दर्शक झालेला माणूस अशा वेळी दोनपैकी एक चूक करतो. आपल्याला कळत नाही हे लपवायला उगाच ढवळाढवळ करतो, नाहीतर ‘तुम्ही बघा’ म्हणून मोकळा होतो. मग गाणी गाण्यांच्या जागी छान, नाच नाचाच्या जागी छान, आणि मधलं नाटक मात्र गायब. आपल्याकडच्या भव्य म्हणवणाऱ्या कित्येक निर्मितींचं दुखणं हेच आहे. नावं घेत नाही, तुम्हाला ती आठवलीच असतील.

‘घाशीराम’मध्ये गाणं सुरू झालं की गोष्ट थांबत नाही, उलट पळते. महिना लोटतो, माणूस विकला जातो, शहर बदलतं, ते गाण्याच्या आत. ढोलकी आणि मृदंग एका प्रसंगातून दुसऱ्यात उडी मारायला उपयोगी पडतात. कीर्तन चालू असताना मधेच लावणी घुसते, ती चित्रपटातल्या कटसारखी. यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या संगीतकाराचा हात किती आणि दिग्दर्शकाचा किती, हे बाहेरून वेगळं काढता येत नाही. येऊही नये. पण गाणं कुठे तोडायचं हा निर्णय शेवटी दिग्दर्शकाचा असतो आणि तिथे नटाचा अनुभव कामी येतो. गाणं संपल्यावर पहिलं वाक्य बोलायचं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. दणकेबाज गाण्यानंतर नटाचा आवाज बारीक वाटतो, प्रेक्षक अजून ठेक्यात असतो, वाक्य वाया जातं. म्हणून कधी वाक्य गाण्याच्या पोटातच घ्यायचं आणि कधी एकदम सगळं बंद करून शांतता ठेवायची. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला गोळा ठेवायचा तो प्रसंग आठवा. इतका वेळ गाणाऱ्या-नाचणाऱ्या नाटकात तो इतका अंगावर येतो, कारण लयीची सवय आपल्याला आधी लावून ठेवलेली असते.

नानाचंही तसंच. आगाशे नर्तक नव्हते. पण त्यांचा नाना चालतो तोच लयीत. लंपटपणा, मुत्सद्दीपणा आणि थाट हे तिन्ही त्या चालीत आहेत. नृत्य वेगळं काढून दाखवण्यापेक्षा ते नटाच्या चालीत मुरवलं, हा नटाने शोधलेला मार्ग.

एकोणीस प्रयोगांनंतर

एकोणीस प्रयोग झाले आणि पीडीएने नाटक थांबवलं. ब्राह्मणांची बदनामी, नाना फडणवीसांची बदनामी, असे आक्षेप शहरात उठले होते आणि संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी प्रयोग बंद करायचं ठरवलं. भालबांना सरसकट खलनायक करायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ज्या फळ्यांवर ही पोरं उभी राहिली त्या त्यांनीच अंथरल्या होत्या. पण निर्णय झाला तो झाला, आणि त्याने पटेलांच्या कारकिर्दीतला असा भाग पुढे आणला ज्याबद्दल कुठल्याही नटाला कुणी शिकवत नाही.

चार पात्रांचं नाटक बंद पडलं तर नट दुसरीकडे जातात, चार महिन्यांनी नव्या संस्थेत तेच नाटक उभं राहतं. बारा जणांची रांग अशी हलवता येत नाही. ती एकत्र राहिली तरच ती भिंत. म्हणजे नाटक वाचवायचं तर माणसांचा अख्खा संच उचलून न्यायला हवा, आणि न्यायचा तर कुठे? मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली. पटेल, आगाशे, आळेकर, श्रीधर राजगुरू ही त्यातली ठळक नावं. ११ जानेवारी १९७४ ला ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आलं.

मधले महिने कोरडे होते. प्रयोग नाही, उत्पन्न नाही, आणि प्रत्येकाची नोकरी किंवा शिक्षण वेगळ्या ठिकाणी. तेवढा काळ इतकी माणसं एका नाटकासाठी थांबली, हे मला त्या रंगरचनेपेक्षाही अवघड काम वाटतं. दिग्दर्शकाची पत इथे कळते. रजा कुणाला मिळत नाही, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाची बदली, हे सगळं सांभाळणारे राजगुरूंसारखे संघटक नसते तर चंदावरकरांचं संगीत फायलीत राहिलं असतं.

विरोध नंतरही सरला नाही. १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्याचं आमंत्रण आलं तेव्हा पुन्हा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि नाटक इतिहास सांगत नाही अशा अर्थाचं निवेदन प्रयोगाआधी वाचायचं ठरलं. मग मंडळी गेली आणि बर्लिनमध्ये प्रयोग झाला.

दुसरं मोठं नाटक

मधल्या काळात पटेल सिनेमाकडे वळले होते. ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. १९७७ चा ‘जैत रे जैत’ तर गाण्यांवरच उभा राहिलेला चित्रपट. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, शब्द ना. धों. महानोरांचे, नायक पुन्हा आगाशे, सोबत स्मिता पाटील, आणि आवाजांत साठे आणि काळे. म्हणजे रांग इथेही थोडीफार सोबत आली.

१९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. मूळ जर्मन नाटक बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं, १९२८ चं. त्यांनीही ते दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. मराठी रूप पुलंचं. श्यामची भूमिका लिहिणारा लेखक आणि ती करणारा नट असे पुन्हा एकत्र आले. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे, रॉक गाणारा माणूस. एकीकडे नाट्यसंगीताची नक्कल, एकीकडे लावणी, एकीकडे गिटार.

ब्रेख्तचा आग्रह असा की गाण्याने गोष्टीची तंद्री मोडावी. मराठी प्रेक्षकाला यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. तमाशातला सोंगाड्या शतकानुशतकं तंद्री मोडतोय आणि संगीत नाटकातलं पद तर गोष्टीला बाजूला बसवूनच सुरू होतं. त्यामुळे जर्मनीत जे बोचलं ते इथे गोड लागलं. गाणी आवडली, फार आवडली, आणि माझ्या मते इथेच नाटक थोडं हातचं सुटलं. प्रत्येक गाणं आपापल्या पायांवर उभं राहिलं. ‘घाशीराम’मध्ये बारा जणांची रांग सगळं एकत्र बांधून ठेवत होती. इथे बांधणारं तसं काही नव्हतं, होती ती तऱ्हेतऱ्हेच्या गायकीची जत्रा. मजा आली की नाही? आलीच. पण दोन्ही नाटकं एकाच दिग्दर्शकाची असून लोकांच्या मनात एकच घट्ट बसलं, ते यामुळे.

त्यानंतर ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२), आणि पटेलांची वाट सिनेमाचीच झाली. म्हणजे रंगमंचावरची अशी प्रचंड संगीतप्रधान नाटकं म्हणून चटकन आठवतात ती ही दोन, सहा वर्षांच्या अंतराने. जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हाही लोकांनी आधी काढली ती ‘घाशीराम’चीच आठवण.

एक धागा राहिला. नाटक पुन्हा उभं राहिलं त्याच १९७४ साली, त्याच संस्थेत, सतीश आळेकरांनी स्वतः लिहिलेलं ‘महानिर्वाण’ बसवलं. तेही नट, तेही कुठल्या नाट्यविद्यालयात न शिकलेले, तेही दिवसा प्रयोगशाळेत. पुन्हा कीर्तन, पुन्हा पुण्याची चाळकरी माणसं. फक्त या वेळी कीर्तनकार आधीच मेलेला होता, आणि ते प्रेत होऊन गात होते चंद्रकांत काळे.